सध्या काय वाचताय? आणि कोणाला वाचून दाखवताय?

गोदाकाठची
मंडळी, मी सध्या स्मृतिचित्रे वाचतेय, म्हणजे खरं तर वाचून दाखवतेय. आजी गेल्या महिन्यात आमच्याकडे राहायला आली, वय 84, कान अजून खणखणीत, पण डोळ्याच्या पडद्याचा त्रास सुरू झाल्यापासून समोरचं मधोमध काही दिसतच नाही, कडेकडेचं तेवढं दिसतं. जिने आयुष्यभर पेपर पहिल्या पानापासून छोट्या जाहिरातींपर्यंत वाचला ती आता पेपर मांडीवर घेऊन नुसती बसते, ते बघवेना म्हणून एका रात्री भांडी आवरल्यावर कपाटातून हाताला लागलं ते पुस्तक काढलं. ते निघालं लक्ष्मीबाई टिळकांचं.

मला शाळेत यातला धडा होता आणि नंतर कॉलेजात असताना एकदा भराभर वाचलं होतं. पण मोठ्याने वाचायला लागल्यावर कळतंय की बाई समोर बसून बोलतायत, जिथे माझा श्वास संपतो तिथेच त्यांचं वाक्य संपतं. चार भाग आहेत, 1934 ते 36 मध्ये आलेले, आम्ही पहिल्यात आहोत. 1857च्या धामधुमीनंतर आजोबांना फाशी झाली आणि त्या धक्क्यानंतर वडिलांच्या डोक्यात सोवळ्याओवळ्याचं वेड शिरलं, बाजारातून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात नाही, हा भाग वाचला तर आजी म्हणाली थांब, आणि मग अर्धा तास तिच्या सासूबाईंचं सोवळं, थंडीतलं ओलेतं, खुंटीवरची धाबळी, कोणी शिवलं की परत आंघोळ. 30 वर्षं मी या बाईची नात आहे, हे कधी ऐकलं नव्हतं.

तर दोन गोष्टी सांगा, तुम्ही सध्या काय वाचताय, आणि मोठ्याने वाचायला चांगलं असं पुढचं काय घेऊ?

चाफेकळी
किती छान गं ताई! स्मृतिचित्रे माझं अत्यंत आवडतं. त्यांचे यजमान ना. वा. टिळक ख्रिस्ती झाले 1895 साली आणि त्या झाल्या 1900 साली, मधल्या त्या पाच वर्षांचा भाग आला की सांग मला, पंढरपूरचे दिवस. नवऱ्यावर जीव आहे, राग आहे, पोराची काळजी आहे, जातीचा विचार हळूहळू कसा गळून पडतो ते सगळं असं सांगितलंय की कुठेही उपदेश वाटत नाही. मी तो भाग दरवेळी सावकाश वाचते.

सध्या मात्र मी ऋतुचक्र वाचतेय, दुर्गा भागवतांचं. ते मी गेली तीन वर्षं वाचतेय असं म्हटलं तरी चालेल कारण महिना लागला की त्या महिन्याचाच लेख काढायचा, पुढचं पान उलटायचं नाही असा नेम ठरवलाय. 1956 सालचं पुस्तक आहे, पण अजूनही वाचून झालं की मी खाली उतरून सोसायटीतल्या झाडांकडे बघून येते. आमच्या गेटाजवळच्या करंजाला नवी पालवी कधी येते हे मला या पुस्तकाने बघायला लावलं. मोठ्याने वाचायला उत्तम, फक्त एका बैठकीत एकच लेख, जास्त नको.

वऱ्हाडवाला
ताई तुमचं वाचून लय बरं वाटलं. मी बी मायले वाचून दाखवून राह्यलो, उद्धव शेळक्याइचं धग. माय ब्लाउज शिवते, पायडलची मशीन, ते मशीनवर आन मी बाजूले खाटेवर. 1960 सालचं पुस्तक हाय, त्यातले संवाद आपल्या वऱ्हाडीतले. मी पुण्यात नोकरीले होतो तेव्हा रूममेटाले वाचाले देल्लं होतं, तो म्हणे भाषा जड हाय, दहा पानावर सोडलं. मायले त एका शब्दाचा अर्थ सांगा लागत नाही.

कौतिकचा नवरा शिंप्याचा, पण धड कामाले लागत नाही, समदा संसार ते एकटी ओढते. ज्या ठिकाणी मशीन थांबते तिथं मी समजतो का मायले लागलं. काल एका पानावर मशीन थांबलं ते परत सुरूच झालं नाही, मंग मी बी वाचणं बंद केलं आन चहा मांडला.

दुसरा_वर्ग
मी रोज कल्याणहून येतो, सव्वा तास. सध्या बलुतं, दया पवार, 1978. दुसऱ्यांदा वाचतोय. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी एकोणीस वर्षांचा होतो आणि रागाने वाचलं होतं, आता चाळिशीत वाचताना राग आहेच पण लक्ष दुसरीकडे जातंय, त्यातल्या बायकांकडे. नागपाड्याच्या कावाखाना वस्तीतल्या, रस्त्यावरचं काचपत्रा, कागद, चिंध्या गोळा करून घर चालवणाऱ्या. आजीचं जे चित्र त्यांनी काढलंय ते माझ्या डोळ्यासमोरून हलत नाही. गाडी भायखळ्याला थांबते तेव्हा मी पुस्तकातून मान वर करतो, नागपाडा तिथून हाकेच्या अंतरावर, आणि रोज इतकी वर्षं मी त्याच्यावरून जात होतो.

सांगायची पद्धत पण बघा, दगडू पवार दया पवारला सगळं सांगतोय, एकाच माणसाचे दोन जीव, एक शिकून पुढे गेलेला आणि एक मागे राहिलेला. जे गावातून शहरात येऊन पांढरपेशे झालेत त्या प्रत्येकाच्या आत असा एक दगडू असतो असं मला प्रामाणिकपणे वाटतं, माझ्यात तरी आहे.

मोठ्याने वाचण्याबद्दल, हे मी कोणाला वाचून दाखवू शकेन का माहीत नाही. वडिलांना दाखवायची इच्छा आहे पण त्यांनी यातलं बरंच काही अंगावर काढलंय.

माणदेशी_मास्तर
नमस्कार. मी सांगली जिल्ह्यात हायस्कूलला शिकवतो. शुक्रवारी शेवटचा तास ऑफ असतो त्यात नववीच्या पोरांना बनगरवाडी वाचून दाखवतोय, व्यंकटेश माडगूळकर, 1955. वर्गात निम्मी पोरं मेंढपाळ घरातली आहेत, दिवाळीनंतर कोणाचे आईवडील कळप घेऊन बाहेर पडतात ते पार पावसाळ्यापर्यंत. गोष्ट औंध संस्थानातली आहे, तरणा मास्तर धनगरांच्या वाडीवर शाळा चालवायला येतो आणि शाळेत पोरंच नाहीत कारण पोरं मेंढरामागं आहेत. हे वाक्य वाचल्यावर मागच्या बाकावरून आवाज आला, सर आमच्यात पण असंच आहे. मी पाच मिनिटं पुस्तक मिटून ठेवलं आणि त्यांना बोलू दिलं.

कारभारी, आनंदा रामोशी, आयबू ही माणसं पोरांना त्यांच्या गल्लीतली वाटतात. गावानं तालीम बांधली आणि औंधचे राजे आले तो भाग ऐकताना वर्ग गप्प होता. आता शेवट जवळ आलाय, दुष्काळ पडतो आणि वाडी उठते. गेल्या आठवड्यात एक मुलगी म्हणाली, सर शेवट सांगू नका, हळूहळू वाचा. म्हणून आता आठवड्याला चारच पानं.

जुनी_पानं
मास्तर, हा प्रतिसाद मी घरात सगळ्यांना वाचून दाखवला.

मी सध्या कोसला परत घेतलंय, तिसऱ्यांदा, आणि परत साठाव्या पानावर अडकलोय. 1963 सालची कादंबरी, नेमाडे तेव्हा पंचविशीतले, सगळे म्हणतात वाचलीच पाहिजे. पांडुरंग सांगवीकर मला कंटाळवाणा वाटतो हे मी इथे स्पष्ट लिहितो. कोणाला आवडली असेल तर नेमकं काय आवडलं ते सांगा, मला खरंच समजून घ्यायचंय.

दुसरा_वर्ग
साठाव्या पानावर सोडू नका एवढंच म्हणेन. धाकट्या बहिणीच्या मृत्यूची पानं वाचा. तोपर्यंतचा सगळा तुटकपणा, तो सारखा उदाहरणार्थ उदाहरणार्थ म्हणणारा आवाज, तिथे आल्यावर कळतं की त्या आवाजात किती दुःख दाबलेलं होतं. मी हॉस्टेलला असताना वाचली, गावाकडून पहिल्यांदा शहरात आलेला, मेसचे पैसे, वडिलांची पत्रं, मला ते पुस्तक माझं वाटलं. तुम्ही हॉस्टेलला राहिलात का? मला वाटतं त्याचा संबंध आहे.

जुनी_पानं
नाही राहिलो, घरूनच कॉलेज केलं. तुमचं म्हणणं पटतंय, बहिणीच्या भागापर्यंत नक्की जातो.

दूरदेशी
मी जर्मनीत असते, सध्या रणांगण वाचतेय, विश्राम बेडेकर. लहानसं पुस्तक, 1939 सालचं, युरोपातून निघालेलं जहाज, त्यात घरी परतणारे भारतीय आणि जर्मनीतून जीव मुठीत धरून पळालेले ज्यू. चक्रधर आणि हर्टा. तारीख बघा, 1939! पुढे काय होणार हे जगाला अजून पुरतं कळलेलं नव्हतं तेव्हा एका मराठी माणसाने हे लिहून ठेवलंय. आमच्या रस्त्यावर काही घरांसमोर फुटपाथमध्ये छोटे पितळी दगड बसवलेत, त्या घरातून ज्यांना नेलं त्यांची नावं आणि सालं त्यावर कोरलेली. दूध आणायला जाताना रोज दिसतात. पुस्तक सुरू केल्यापासून मी तिथे थांबून नाव वाचते, आणि मनात येतं की हीसुद्धा कुठल्यातरी बोटीवर चढू शकली असती.

पण गोदाकाठच्या ताई, हे मोठ्याने वाचू नका. मी नवऱ्याला वाचून दाखवायचा प्रयत्न केला, जमलं नाही. यातलं बरंच काही न बोललेलं आहे, आवाज दिला की ते पळून जातं. एकट्याने, एका बैठकीत.

पेणकर_काका
उशिरा येतोय. सध्या मी विष्णुभट गोडश्यांचा माझा प्रवास वाचतो आहे, बहुधा सहाव्यांदा. वरसई आमच्या पेणपासून जवळ, त्यामुळे हा माणूस मला गाववाला. घरावर कर्ज, म्हणून हे भटजी काकांबरोबर उत्तरेत दक्षिणा मिळवायला निघाले, बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार अशी वार्ता होती, आणि जाऊन पडले ते 1857च्या वणव्यात. 1858 साली झाशीला इंग्रजांचा वेढा पडला तेव्हा हे आत शहरात होते. तोफा, आग, लूट, विहिरीवर पाण्यासाठी जीवघेणी धडपड, पुस्तकालयाची नासधूस, हे सगळं आपल्या कोकणातला एक साधा भिक्षुक डोळ्यांनी बघतो आणि लिहितो. कमावलेली दक्षिणा वाटेत लुटली गेली, पण आईवडिलांना स्नान घालायला गंगेची कावड मात्र खांद्यावरून वरसईपर्यंत आणली. मी दरवेळी इथे थांबतो.

गोदाकाठची बाळ, आजीला हे नक्की आवडेल. आवृत्त्यांचं प्रकरण मात्र समजून घे. त्यांनी लिहिलं 1880च्या दशकात, पण इंग्रजांच्या भीतीने हयातीत छापलं नाही, 1907 साली चिं. वि. वैद्यांनी छापलं तेव्हा त्यात बरेच फेरफार केले. मूळ हस्तलिखितावरून द. वा. पोतदारांनी 1966 साली काढलं. भाषा जुनी आहे, पण तीच खरी.

गोदाकाठची
किती सुंदर प्रतिसाद आलेत, सगळ्यांची मनापासून आभारी आहे. आमचं वाचन पुढे सरकलंय. टिळक आले की आजी सावरून बसते. त्यांच्या हातात पैसा टिकत नाही, घरात काय आहे नाही ते न बघता माणसं घरी आणतात, आणि लक्ष्मीबाई चिडतात पण त्यांचं मोठेपण कधी लपवत नाहीत. आजी म्हणते आमच्याकडचे पण असेच होते, फक्त कविता करत नव्हते.

पण एक गोष्ट तुम्हाला सांगायचीय, गेले चार दिवस खात राहिलीय. मी दोन ठिकाणी पानं गाळली. लेकराच्या मृत्यूचा भाग. माझ्या बाबांच्या आधीचा आजीचा एक मुलगा दीड वर्षाचा असताना गेला, तापाने, त्याचा घरात कोणी विषय काढत नाही, मला पण आत्याने सांगितलं म्हणून माहीत. ते पान आलं आणि माझ्याने वाचवेना, म्हणून मी सरळ पुढच्या परिच्छेदावर गेले. आजीला कळलं नाही. बरोबर केलं ना?

चाफेकळी
अगदी बरोबर केलंस. या वयात कशाला जुनी जखम उघडायची. वाचन तिला आनंद मिळावा म्हणून चाललंय.

दुसरा_वर्ग
मला नाही पटत, माफ करा. लक्ष्मीबाईंनी ते लिहिलं ना? ज्यांनी सोसलं त्यांनी लिहायचं धाडस केलं आणि ज्यांनी सोसलं त्यांनाच आपण ते ऐकवायचं नाही? मी वर वडिलांबद्दल लिहिलं, तेव्हापासून विचार करतोय की मी त्यांना जपतोय की स्वतःला. आजीचे डोळे गेलेत म्हणून काय वाचायचं हे आपण ठरवणार का? स्वतः वाचत असत्या तर ते पान त्यांनी वाचलंच असतं.

वऱ्हाडवाला
मले बी दादाचं पटते. मी मायले सुरुवातीलेच इचारलं होतं का लय दुखाचं पुस्तक हाय, वाचू का नको. माय म्हणे वाच, दुख का मले नवं हाय. इचारून घ्या ताई, बस.

पेणकर_काका
इतकी घाई नको. प्रत्येक माणूस वेगळा. माझी आई शेवटच्या दिवसांत हरिपाठाखेरीज काही ऐकायची नाही, मी एकदा दुसरं काही लावलं तर हात वर करून थांबवायची. पण विचारावं हे वऱ्हाडवाल्याचं म्हणणं योग्य.

माणदेशी_मास्तर
ताई, मी वर्गात काय करतो ते सांगतो. अवघड भाग आला की आधीच सांगतो, पुढे असं असं आहे, ज्याला ऐकायचं नाही त्याने बाहेर पाणी पिऊन यावं. अजून कोणी उठलं नाही.

दूरदेशी
मी लांबून काय सांगणार, पण मला माझ्या आजीला असं काहीतरी वाचून दाखवता आलं असतं तर बरं झालं असतं. ती गेली तेव्हा मी इथे होते.

गोदाकाठची
काल विचारलं. आधी सांगितलं की आजी मी दोन जागी पानं गाळलीत, त्यात त्यांचं बाळ जातं. आजी जरा वेळ काही बोलली नाही, मला वाटलं रागावली. मग म्हणाली, मला वाटलंच होतं, गोष्ट एकदम पुढे कशी गेली. आणि म्हणाली, वाच.

वाचलं. माझा आवाज दोनदा अडकला, तिचा नाही, ती मधे मधे नुसतं हं म्हणत होती. संपल्यावर तिने त्याचं नाव सांगितलं. मला त्याचं नाव माहीत नव्हतं, बाबांनाही माहीत नव्हतं, असं आज सकाळी फोनवर कळलं. त्याला कुठला डबा वाजवायला आवडायचा, कोणाच्या कडेवर जायचा नाही, त्या वर्षी पाऊस किती होता, डॉक्टर नदीपलीकडे आणि पूर आलेला. साडेअकरापर्यंत बसलो आम्ही. सगळं इथे लिहीत नाही, ते तिचं आहे.

चाफेकळी, तू माझ्या काळजीनेच लिहिलंस हे मला ठाऊक आहे, वाईट वाटून घेऊ नकोस.

चाफेकळी
नाही गं. रडतेय नुसती. आजींना माझा नमस्कार सांग.

वऱ्हाडवाला
आजीले नमस्कार. आमचं धग संपत आलं. माय म्हणते दुसरं शोधून ठेव, पण आपल्या बोलीतलंच पाह्यजे. कोणाले माहीत असन तर सांगा.

माणदेशी_मास्तर
वऱ्हाडवाले दादा, सदानंद देशमुखांची बारोमास घ्या, 2004 साली साहित्य अकादमी मिळालेली, बुलढाण्याकडची, शेतकरी घरातली. आणि बोली वेगळी चालत असेल तर आनंद यादवांचा गोतावळा, कोल्हापूरकडची भाषा, मालकाकडे ट्रॅक्टर येतो आणि एकेक जनावर गोठ्यातून जातं. शेतीतल्या माणसाला ऐकताना जड जाईल पण आवडेल.

दुसरा_वर्ग
रविवारी वडिलांना बलुतंची पहिली दहा पानं वाचून दाखवली. त्यांनी चष्मा मागितला आणि पुस्तक स्वतःकडे घेतलं. आता मला गाडीत वाचायला काही नाही, तेव्हा माझ्यासाठीही सुचवा.

जुनी_पानं
तुम्ही रणांगण घ्या, गाडीत सव्वा तास म्हणजे दोनतीन दिवसांचं काम. आणि हो, मी कोसलातला बहिणीचा भाग वाचला. काही लिहीत नाही, पण पुढे वाचतोय.

गोदाकाठची
आजीने पुढचं पुस्तक ठरवलंय, काकांचे गोडसे भटजी. झाशीचा भाग आधी वाचू का विचारलं तर म्हणाली, वरसईहून निघतात तिथून सुरू कर, आणि काही गाळायचं नाही. काका, मी शनिवारी ग्रंथालयात जातेय, तिथे वैद्यांची आवृत्ती आहे असं फोनवर सांगितलं, पोतदारांची शोधावी लागेल म्हणाले. तोपर्यंत वैद्यांची चालवू का थांबू?

पेणकर_काका
थांब. माझ्याकडे पोतदारांची जास्तीची प्रत आहे, बांधणी सुटलीय पण पानं सगळी आहेत. पत्ता व्यक्तिगत निरोपातून कळव, सोमवारी पोस्टात टाकतो.